डॉक्टरांच्या हिरव्या गाडीवरचा संशय

मी बोलतोय खरा, पण आधीच एक सांगून ठेवतो. माझ्यावर विश्वास ठेवायची घाई करू नका. मीही कुणावर चटकन ठेवत नाही.

मी एक लोहचुंबक आहे. तळहातावर मावेन एवढा, काळा, गोल, मधोमध भोक असलेला. माझ्या कडेचा एक टवका उडालेला आहे. दिसण्यात माझ्या काही राम नाही, पण मला खिशातून बाहेर काढलं की जुन्या गाड्यांच्या बाजारात भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. ते पाहायची मला सवय झाली आहे, आणि खोटं कशाला बोलू, आवडही लागली आहे.

माझा जन्म या धंद्यातला नाही. मी एका गाडीच्या रेडिओत, स्पीकरच्या पाठीला चिकटवलेला होतो. तेव्हा माझं काम गाणी वाजवण्याचं. गाणी बरी असायची, बातम्या मात्र मला तेव्हाही खऱ्या वाटत नसत. पुढे ती गाडी भंगारात गेली. एका माणसाने स्पीकर उचकटला, मला सोडवलं आणि खिशात टाकलं. खिशातल्या किल्ल्या मला येऊन डसल्या, तेव्हा तो म्हणाला, "कामाचा आहेस." तो माझा मालक. तेव्हापासून मी त्याच्या उजव्या खिशात आहे.

बाजारात त्यांना टकटककाका म्हणतात. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की तो आधी काकांना घेऊन जातो. काका गाडीभोवती सावकाश फिरतात आणि बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करतात. कान तिरका, डोळे अर्धे मिटलेले. मग मला काढतात.

माझं काम सोपं आहे. गाडी आदळली की पत्र्याला खड्डा पडतो. तो खड्डा नीट ठोकून काढणारे थोडे. बाकीचे त्यात पुट्टी भरतात, घासतात, वरून रंग मारतात आणि हात झटकतात. डोळ्याला काही कळत नाही. मला कळतं. खाली लोखंड असेल तिथे मी घट्ट बसतो, पुट्टी असेल तिथून घसरून पडतो. एवढ्या एकाच विद्येवर मी कितीतरी सौदे मोडले आहेत.

रंगावर ओरखडा उठू नये म्हणून काकूंनी मला एक खोळ शिवली होती. काकांच्या जुन्या पायमोज्याची. पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं, पण पातळ मोज्यातून माझी पकड सुटत नसे, म्हणून गप्प बसलो.

या धंद्यात माणसांचे नमुने फार पाहिले. गाडी विकणारा ती कधीही भिंतीपासून लांब उभी करत नाही. खराब बाजू भिंतीकडे. काही जण नेमके एकाच दरवाजाला टेकून उभे राहतात आणि गप्पा मारतात. अशा वेळी काका म्हणतात, "जरा सरकता का?" आणि तिथेच मला लावतात. मी पडतो. मग तो माणूस आश्चर्याने माझ्याकडे बघतो, जणू पुट्टी मीच भरली. कुणी चहा मागवतो. कुणी म्हणतो, "ही माझ्या बहिणीच्या दिराची गाडी, मला काही माहीत नाही." जो विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकतो त्याला तर मी सर्वांत जास्त भितो.

काका हे सगळं पाहून पाहून पार संशयी झाले होते. दूधवाला हसला तरी त्यांना वाटायचं, आज पाणी जास्त घातलंय. काकू म्हणायच्या, "संशय घ्यायचे तुम्हाला बाहेर पैसे मिळतात. घरात फुकट घेऊ नका." जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या पारखल्या, पण स्वतःची म्हणून काकांनी एकही घेतली नाही. प्रत्येक गाडीत काहीतरी सापडायचंच. ते बसने जायचे आणि बसच्या पत्र्यावरसुद्धा टकटक करायचे.

एका गाडीबद्दल मात्र ते कधी वाईट बोलत नसत. काका तरुणपणी एका गॅरेजात हाताखाली होते, तेव्हा एक हिरवी गाडी समोरच्या रस्त्याने जायची. दोन माणसांपुरती, लांब नाकाची, कापडी टपाची, जमिनीला चिकटून धावणारी. दातांचे डॉक्टर ती चालवायचे. ती आली की गॅरेजातले सगळे पाने खाली ठेवून बघत राहायचे. वय झालं तरी काका काकूंना मधूनच विचारायचे, "ती हिरवी कुठे गेली असेल गं?"

आणि एके दिवशी कळलं. डॉक्टर जाऊन वर्ष झालं होतं. गाडी त्यांच्याच घरामागच्या शेडमध्ये वीसेक वर्षं उभी होती, आणि आता त्यांची बायको ती विकणार होती. त्याच दमात दुसरी बातमीही कळली. कात्रीशेठनेही तिकडे फेरी मारली होती.

कात्रीशेठ म्हणजे जुन्या गाड्या कापून सुटे भाग विकणारा. दरवाजे एकाला, इंजिन दुसऱ्याला, दिवे तिसऱ्याला. बोलायला इतका गोड की गाडी देणाऱ्याला वाटावं, आपण लेक देतोय. काकांनी हे ऐकलं आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. "तिचे तुकडे होणार," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्यांनी मला काकूंपुढे धरलं. "याची खोळ विरली आहे. नवी शीव. चांगली मऊ आणि जाड. तिच्या रंगाला खरचटता कामा नये."

काकूंनी जुन्या घोंगडीचा तुकडा घेतला, दुहेरी घडी केली, आत कापूसही घातला आणि मला शिवून टाकलं. मी आत गुदमरलो. बाहेरची कात्री, सुई, डबे, सगळं एकदम लांब गेल्यासारखं वाटलं. ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो, एवढ्या जाड कापडातून मला काही धरवणार नाही. पण मला तोंड नाही, आणि काकांनी मला कशाला लावूनही पाहिलं नाही. सगळ्या जगावर संशय घेणारा माणूस, पण माझी परीक्षा घ्यावी हे त्यांना सुचलं नाही.

डॉक्टरांच्या घरात पुढच्या दोन खोल्या दवाखान्याच्या होत्या. थांबायच्या खोलीत भिंतीला लावून खुर्च्या तशाच होत्या. आत दात काढायची मोठी खुर्ची चादरीखाली झाकलेली. दार डॉक्टरांच्या बायकोने उघडलं. उंच, ताठ, पांढऱ्या केसांच्या. त्या रुग्णालयातून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि सगळी गल्ली त्यांना अजून सिस्टर म्हणते.

"तुम्ही दलाल का?" त्यांनी दारातच विचारलं.

"नाही, मला स्वतःसाठी हवी आहे," काका म्हणाले.

"सगळे तेच म्हणतात. कालचा म्हणाला, मुलासारखी सांभाळीन. तुम्ही काय कराल गाडीचं?"

"आधी काय उरलंय ते बघू द्या. मग सांगतो."

हे उत्तर बहुधा त्यांना आवडलं, पण तसं चेहऱ्यावर दिसू न देता त्या आम्हाला मागच्या शेडमध्ये घेऊन गेल्या. तिथे रुग्णालयातल्या जुन्या पांढऱ्या चादरींखाली ती होती. सिस्टरांनी एकेक चादर काढून घडी घातली. मी खोळीत असल्यामुळे मला काही दिसलं नाही, बघितल्यासारखं जे सांगतोय ते नंतर काका काकूंना सांगत होते तेव्हा ऐकलेलं, पण काकांचा श्वास थांबल्याचं खिशातून कळलं.

काकांनी ती नखशिखांत तपासली. चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली. टाकीतलं पेट्रोल आटून त्याला वार्निशसारखा वास सुटला होता. बैठकीत उंदरांनी घर केलं होतं. टप फाटला होता, ब्रेक जाम होते, रबर सगळं कडक झालं होतं. पण इंजिनावरचा आणि खालच्या सांगाड्यावरचा नंबर कागदांशी जुळत होता. प्लग काढून त्यांनी आत थोडं तेल सोडलं, जरा वेळ थांबून पाना लावला, आणि इंजिन हळूच फिरलं. इतकी वर्षं उभी राहिलेली गाडी, आणि इंजिन फिरलं. काकांनी ते पुन्हा एकदा फिरवून पाहिलं.

सिस्टर स्टुलावर बसून त्यांच्या हातांवर नजर ठेवून होत्या. काही खिशात घातलं तर बघायला. मध्येच त्या म्हणाल्या, "डोळे अधू झाले तेव्हा डॉक्टरांनी आपण होऊन किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, मी मागितली तरी देऊ नकोस. आणि एकदाही मागितली नाही. शब्दाचा माणूस. गाडीला साधा ओरखडा उठला तरी जेवताना सांगायचे."

आता काकांच्या मनात काय चाललं असेल ते मी सांगू शकतो, कारण माझ्याही मनात तेच चाललं होतं. इतकं चांगलं असतं कुठे? आयुष्यभर वाट पाहिलेली गाडी, वर नंबर जुळतात, इंजिन फिरतं, आणि विकणारी बाई म्हणते काही झालंच नाही. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत असणार. काकांनी मला बाहेर काढलं.

बॉनेटवर ठेवलं तेव्हा मी बसलो. आडव्या पत्र्यावर मी नुसत्या वजनानेही बसतो. मग त्यांनी मला दरवाजाला लावलं. मी सगळा जीव एकवटला, पण मधली घोंगडी आणि कापूस पार करून लोखंडापर्यंत पोहोचलोच नाही. घसरलो आणि त्यांच्या हातात पडलो. दुसरा दरवाजा, पुढचं मडगार्ड, मागचं मडगार्ड, सगळीकडे तेच. काकांची बोटं ढिली पडत गेली. टकटकीत त्यांना काही वेगळं ऐकू आलं नव्हतं, पण आता त्यांनी स्वतःच्या कानापेक्षा माझं ऐकलं.

"ही गाडी कधी आदळली होती?" त्यांनी विचारलं.

"कधीच नाही."

"सिस्टर, कधीच नाही म्हणणारी माणसं मला रोज भेटतात. दोन्ही बाजूंना पुट्टी आहे. गाडी उलटलेली आहे. तुम्हाला माहीत नसेल, तर डॉक्टरांना माहीत असणार."

"डॉक्टर माझ्यापासून काही लपवत नसत."

"माझा चुंबक खोटं बोलत नाही."

"मग डॉक्टर बोलले म्हणता?"

काकांनी मला पुन्हा दरवाजाला लावून दाखवलं. मी पुन्हा पडलो, तेच त्यांचं उत्तर. सिस्टर उठल्या, घडी घातलेली चादर उलगडली आणि गाडीवर पसरायला लागल्या. "भाव पाडायला गाडीला सगळेच नावं ठेवतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्याचं मला काही नाही. माणसाला ठेवू नका. ते उत्तर द्यायला इथे नाहीत. गाडी मी त्या कालच्यालाच देईन. तो उद्या दुपारी ट्रक घेऊन येतोय. निदान त्याने त्यांना खोटारडं म्हटलं नाही."

बसमध्ये काकांनी कशावरही टकटक केली नाही. मी खिशात पडून होतो. गाडी साफ होती आणि बाई खरं बोलत होती, हे सांगायला त्या बसमध्ये मी एकटाच होतो. आणि एरवी दुसऱ्यांच्या फजितीला हसणारा मी, मला तेव्हा स्वतःची लाज वाटली.

घरी आल्यावर काकांची एक सवय आहे. फ्रिजच्या दारावर मला थापायचं आणि मग हात धुवायला जायचं. त्या संध्याकाळीही त्यांनी थापलं. मी सुळकन घसरलो आणि फरशीवर पडलो. त्यांनी उचलून पुन्हा लावलं. पुन्हा पडलो.

काकू ओट्यापाशी होत्या. त्यांनी वळून पाहिलं. "अहो, आता फ्रिजलाही पुट्टी भरली का कुणी?"

काका हात न धुताच ओट्यापाशी गेले. मग त्यांनी काकूंची कात्री घेतली, खोळ टराटरा उसवली आणि मला उघडा करून दारावर ठेवलं. मी खट्कन बसलो.

"माझं चुकलं का?" काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज लहान झाला होता.

"तुझं नाही. जाड शीव म्हणून मीच सांगितलं." काका खुर्चीत बसले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला. नेमका याच्यावर घ्यायचा राहिला. आणि एका बाईला तिच्या घरात जाऊन म्हणालो, की तुझा मेलेला नवरा खोटारडा होता."

"उद्या जा आणि सांगा तिला."

"ती कशी विश्वास ठेवेल? मी तिच्या जागी असतो तर ठेवला असता का?"

काकू म्हणाल्या, "तुम्ही नसता ठेवला. पण सगळे तुमच्यासारखे नसतात, हे आमचं नशीब."

सकाळी सिस्टरांनी दार अर्धंच उघडलं. काकांनी सगळं सांगितलं, खोळीचं, कापसाचं, फ्रिजचं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "काल गाडी उलटलेली होती. आज सरळ झाली?"

"हो. म्हणजे, ती सरळच होती."

"रुग्णालयात असे नातेवाईक यायचे. ताप निघाला की थर्मामीटर बिघडलेलं. उतरला की तेच थर्मामीटर उत्तम. दुसऱ्याने ट्रक ठरवला म्हटल्यावर तुमचा चुंबक बरा झाला का?"

काकांनी मला खिशातून काढून पुढे धरलं. "तुम्हाला पटणार नाही," ते म्हणाले. "मलाही पटलं नसतं. गाडी मला देऊ नका, हवं तर. पण त्याला देऊ नका. तो तिला कापेल. आणि डॉक्टरांबद्दल जे बोललो ते मागे घेतो. तेवढ्यासाठी आलो होतो."

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या, तापाच्या माणसाकडे बघावं तशा. मग त्यांनी हात पुढे केला. "तो इकडे द्या. माझी मी बघते."

"खोळीशिवाय ओरखडा पडेल."

"माझी गाडी, माझा ओरखडा. तुम्ही इथे खुर्चीवर बसा."

अशा रीतीने मी पहिल्यांदाच काकांच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलो. काका थांबायच्या खोलीत बसले, दात दाखवायला आलेल्या माणसासारखे. सिस्टर मला घेऊन शेडमध्ये आल्या, दार लावून घेतलं आणि चादरी काढल्या. आता मला ती दिसली. धुळीतही हिरवी. काकांचं वेड मला तेव्हा समजलं.

त्यांनी मला डाव्या दरवाजाला लावलं. खट्. मी असा बसलो की त्यांना नखाने उपटून काढावं लागलं. उजवा दरवाजा, खट्. पुढची दोन्ही मडगार्डं, खट् आणि खट्. सिस्टरांचा श्वास मोकळा होत गेला. त्या हळू आवाजात बोलायला लागल्या, पण माझ्याशी नाही, डॉक्टरांशी. "बघा," त्या म्हणाल्या, "म्हणे उलटलेली. म्हणे डॉक्टरांना माहीत असणार. मी त्याला काल लगेच हाकललं, तुम्ही असता तर त्याला बसवून चहा दिला असतात." त्या हसल्यासुद्धा. गुडघे धरत धरत त्या मागच्या बाजूला आल्या आणि डाव्या मागच्या चाकाच्या वर, डिकीच्या कडेपाशी, त्यांनी मला लावलं.

मी पडलो.

त्यांनी मला उचललं, पदराने पुसलं आणि पुन्हा लावलं. मी पुन्हा पडलो. बोटभर पुढे, बसलो. बोटभर मागे, बसलो. मधल्या तळहाताएवढ्या जागेत मला लोखंड सापडेना. तिथे पुट्टी होती, आणि काय पुट्टी होती. मी आयुष्यात इतकं सफाईचं काम पाहिलं नव्हतं. कुठे उंचवटा नाही, कुठे रंगाचा फरक नाही, बोटांच्या पेरांनाही कळू नये असं. हे कुठल्या गॅरेजाचं काम नव्हतं. दातातली पोकळी साफ करून भरायची, घासायची, आणि वरून अशी गुळगुळीत करायची की जिभेलाही कळू नये, हे ज्याने आयुष्यभर केलं त्याच्याच हातचं ते होतं.

सिस्टरांना हे माझ्या आधी कळलं असावं. त्या तिथेच जमिनीवर बसल्या. त्यांनी त्या जागेवर हात ठेवला, कपाळाला ठेवतात तसा. कधी आदळली असेल, कुठे, किल्ली तर आपल्याकडे होती, की त्याच्याही आधी, आणि जेवताना का नाही सांगितलं, हे त्या मनाशी जुळवत असणार. मला यातलं काही माहीत नाही. मी लोखंड ओळखतो, तारखा नाही. पण एक गोष्ट खरी, की एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला वाटलं, आपल्याला पडता आलं नसतं तर बरं झालं असतं.

आणि लगेच माझा जुना स्वभाव जागा झाला. आता ही काय करते बघू, मी म्हणालो. गप्प बसेल. सगळे बसतात. भावाचा प्रश्न आहे.

सिस्टर उठल्या. त्यांनी मला पुन्हा त्याच जागेवर ठेवलं आणि वरून तळहात दाबून धरला. मग त्यांनी हाक मारली, "अहो, या आत."

काका आले. दारातच थबकले. सिस्टर गाडीच्या मागे उभ्या होत्या, जरा वाकून, हात मडगार्डवर.

"सगळीकडे धरतोय," त्या म्हणाल्या. "इथेसुद्धा."

मी त्या हाताखाली होतो, म्हणून हे मी सांगू शकतो. भाव जाऊ नये म्हणून दाबणारे हात मी ओळखतो. ते काही सेकंदांत घाईने निघतात आणि लगेच कशाकडे तरी बोट दाखवतात. हा हात निघत नव्हता. गाडीसाठी तो तिथे नव्हता.

काकांनी त्या हाताकडे पाहिलं. या माणसाला फसवणं अवघड आहे. ज्या चुंबकाने पत्रा धरलाय त्याला कुणी हाताने धरत नाही, हे त्यांना एका नजरेत कळलं. त्यांच्या घशाशी आलेलं "जरा सरकता का?" मी स्पष्ट ओळखलं. आयुष्यभर अशा वेळी ते हेच म्हणत आले होते, आणि तेव्हा मीही त्याची वाट पाहत होतो.

"हो," काका म्हणाले. "धरतोय की."

मग ते जवळ आले, पण त्या बाजूला नाही. पुढे बॉनेटपाशी जाऊन उभे राहिले, पाठ आमच्याकडे करून. "सिस्टर, मी खूप गाड्या पाहिल्या," ते म्हणाले. "डॉक्टरांनी जपली आहे ही. हिच्यात खोटं काही नाही. सोळा आणे साफ गाडीची जी किंमत होते ती मी देणार. एक पैसा कमी नाही."

काका वळले नाहीत. मागे सिस्टरांनी मला हळूच काढलं, पदराने डोळे टिपले आणि मग म्हणाल्या, "किल्ली आणते." किल्लीबरोबर त्यांनी मलाही काकांच्या हातात दिलं. दोघंही एकमेकांकडे न बघता व्यवहाराचं बोलत होते. दुपारी कात्रीशेठचा ट्रक आला तेव्हा सिस्टरांनी त्याला दारातच सांगितलं, की गाडी घरातच दिली. कुणाच्या घरात ते सांगितलं नाही.

संध्याकाळी काकूंनी विचारलं, "मग सापडलं का काही गाडीत?"

"काही नाही," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्हाला काही सापडलं नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी सापडलं." पण पुढे विचारलं नाही. संशय घ्यावा कुठे आणि सोडावा कुठे, हे त्या घरात त्यांनाच जास्त कळतं.

आता गाडी गॅरेजात आहे. इंजिन उघडलंय, बैठकी नव्याने भरताहेत, रंग खरवडून जुना हिरवा पुन्हा मिसळायचं चाललंय. मागच्या आठवड्यात रंगारी खरवडत खरवडत डाव्या मागच्या मडगार्डपाशी आला, रंगाखालचा थर पाहिला आणि म्हणाला, "काका, इथे जुनी पुट्टी आहे. काढतो, खाली पत्रा ठोकून सरळ करतो."

"तेवढी राहू दे."

"आत गंज असेल."

"आतल्या बाजूने साफ कर, आतूनच रंग दे. बाहेरून हात लावू नको."

रंगाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. ज्या माणसाने तांदळाएवढ्या पुट्टीसाठी लोकांचे सौदे मोडले, तो हे म्हणतोय. त्याला नक्कीच वाटलं असेल, म्हातारा काहीतरी लपवतोय. त्याचा संशय बरोबर होता.

मी आता उघडाच असतो, खोळीविना. गॅरेजातल्या लोखंडी टेबलाच्या कडेला मला लावून ठेवलंय, आणि गाडीचे बारीक स्क्रू, वायसर, स्प्रिंगा माझ्या अंगावर चिकटवून ठेवतात, हरवू नयेत म्हणून. कामाचा आहे, पण दरारा गेला. तक्रार नाही. काका मधूनच मला उचलतात आणि खिशात घालतात, पण गाडीला लावत नाहीत.

तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढे कधीतरी एखादी हिरवी, लांब नाकाची, दोन माणसांची गाडी रस्त्याने जाताना दिसेल. एक म्हातारा चालवत असेल, आणि शेजारी कधी काकू तर कधी एक ताठ, पांढऱ्या केसांची बाई बसलेली असेल. ती कुठे थांबली तर मनसोक्त बघा, टकटकही करा. पण तुमच्या खिशात माझ्या जातीचा कुणी असेल, तर डाव्या बाजूला मागच्या चाकापाशी त्याला बाहेर काढू नका. तिथे तो का धरत नाही हे आम्हा तिघांना माहीत आहे, आणि आता तुम्हालाही.